परण्याच्या चालीचा तिसरा तुकडा

माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला मी माकणीला गेलो, तेव्हा माझ्या वडिलांनी मुलगा काय करतो हे विचारलं नाही, जमीन किती हे विचारलं नाही, मुलीला पसंत आहे का हेसुद्धा विचारलं नाही. गाव कुठलं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तामलवाडी. आबा तेव्हा गोठ्यात म्हशीपुढं कडबा टाकत होते. हातातली पेंढी तशीच धरून त्यांनी दुसरा प्रश्न टाकला.

"बँड कुनाचा?"

"अजून ठरायचंय," मी म्हणालो. हे धादांत खोटं होतं. व्याह्यांनी पहिल्याच बैठकीत मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं होतं की आमच्या शेजारचाच बँड आहे, तीन पिढ्यांचा, आमच्या घरातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय लागलेलं नाही.

आबांना पटेल असं खोटं मला आयुष्यात एकदाही बोलता आलेलं नाही. त्यांनी पेंढी खाली सोडली, हात झटकले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मंग त्या दिशी म्या धरणावर जाऊन बसतो. लगीन लागलं की सांगावा धाडा."

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. एकुलत्या एक नातीचं लग्न, मांडव स्वतःच्या दारात, आणि हा धरणाच्या भिंतीवर जाऊन पाणी बघत बसणार. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी हसलो असतो. माझा बाप जे बोलतो ते करतो, ही आमच्या घराची जुनी अडचण आहे.

यामागचं कारण सांगायचं तर परण्यापासून सुरुवात करावी लागेल. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून गावातल्या मारुतीला नेतात, तो परण्या. पुढं बँड, मागं करवल्या, आणि दर चार घरांवर कुणीतरी बाई तांब्या घेऊन घोड्याच्या पायावर पाणी घालायला पुढं येते. वरातीला बँडवाल्यानं काय वाटेल ते वाजवावं, सिनेमातलं वाजवावं, पण परण्याला ज्याची त्याची घरची चाल. एकाच्या घरची चाल दुसऱ्यानं वाजवायची नाही, असा तेव्हा बँडवाल्यांत रिवाज होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं सगळे पाळायचे.

आबांचा माकणीत नऊ माणसांचा बँड होता. शेती होतीच, पण लग्नसराईत ते क्लारनेट घेऊन पुढं उभे राहिले की शेतकरी वाटायचे नाहीत. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. लोहाऱ्याकडच्या एका गावात लग्न होतं. मुलीकडचा बँड आबांचा आणि मुलाकडचा तामलवाडीचा. परण्याला मुलाकडचाच बँड वाजायचा, पण त्यांची गाडी वाटेत बंद पडली. मुहूर्त टळायला नको म्हणून आबांना उभं केलं. परण्या निम्म्यावर आला आणि तामलवाडीची गाडी पोचली. तिथल्या बँडमास्तरांनी गाडीतून उतरता उतरता काय ऐकलं, तर आपल्याच घरची चाल.

ते घोड्यापुढं जाऊन उभे राहिले. वाजवणं थांबलं. "ही चाल माझ्या घरची हाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यानं चोरली." आबा म्हणाले, मी नळदुर्गच्या वस्तादाकडून शिकलो. वस्ताद म्हणजे निजामाच्या फौजेच्या बँडात आयुष्य काढलेला एक म्हातारा, फौज मोडल्यावर नळदुर्गात येऊन राहिलेला. तो मरून पंधरा वर्षं झाली होती. तामलवाडीचे मास्तर आणखीच चिडले. मेल्या माणसाची साक्ष काढतोस, म्हणाले. मांडवातल्या चार जाणत्या माणसांनी मध्ये पडून निवाडा केला की आजपासून माकणीच्या बँडानं ही चाल वाजवायची नाही. आबांनी होकाराची मान हलवली. पुन्हा कधी वाजवली नाही. दोन वर्षांत बँडही मोडला. क्लारनेट पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेलं आणि घरात म्हैस आली.

आता एक गोष्ट कबूल करून टाकतो. मलाही वाटायचं की आबांनी ती चाल चोरली असावी. वस्तादाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, त्याचं घर कुणी दाखवू शकत नव्हतं, आणि आबांना त्याबद्दल विचारलं की ते नाकातल्या नाकात काहीतरी बोलून उठून जात. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? मी शिक्षक माणूस. ज्या मुलाचं उत्तर तोंडात अडखळतं त्यानं बघून लिहिलंय असं समजायची मला सवय आहे. हे मी कधी तोंडावर बोललो नाही. पण बोललो नाही म्हणजे मोठं काही केलं, असंही नाही.

तर आता पेच असा होता. व्याह्यांना बँड बदला म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं म्हणजे नव्या सोयऱ्यांपुढं आपण होऊन म्हणायचं की आमच्या बापावर चोरीचा आळ आहे. मी आडून विचारून बघितलं, आजकाल पोरांना डीजे आवडतो म्हणे? व्याही म्हणाले, "डीजे वरातीला. परण्याला बँडच." विषय संपला. मुलगी म्हणाली, आजोबा नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही. ती आबांची नात आहे, तिचंही बोलणं वाया जात नाही. माझी बायको म्हणाली, तुम्ही दोघांनी मिळून काय ते ठरवा आणि मला मांडवाचं सांगा.

मी नोकरीला वाशीला असतो, मुंबईच्या नव्हे, आमच्याच जिल्ह्यातल्या. शनिवारी सकाळची शाळा करून घरी आलो की दुपारी व्हायोलिन काढतो. हे व्हायोलिन मी डी.एड.ला सोलापुरात असताना शिकलो. वाजवतो बरं, पण लोक उठून जात नाहीत इतपतच. गेली काही वर्षं मी मोबाईलवर बघून बघून हात सुधारतो आहे. मोबाईलला एकदा कळलं की याला व्हायोलिन आवडतं, की तो जगभरचे व्हायोलिनवाले आणून दारात उभे करतो. त्या शनिवारी त्यानं एक आयर्लंडचा म्हातारा आणला. स्वयंपाकघरात चुलीजवळ खुर्ची टाकून बसलेला, डोक्याला टोपी, पायात चिखलाचे बूट. आमच्या भावकीतल्या कुणासारखाही दिसला असता, फक्त रंग तेवढा वेगळा. व्हायोलिन छातीला टेकवून त्यानं वाजवायला सुरुवात केली.

बायको आतून ज्वारी निवडता निवडता बाहेर आली. "कुनाचा परण्या निघालाय?" म्हणाली.

मी हात वर करून तिला थांबवलं. मला वाटलं, भास होतोय. सारखं डोक्यात तेच असल्यामुळं सगळीकडं तेच ऐकू येतंय. पण पहिला तुकडा संपून दुसरा लागला, आणि तोही तोच. मी ती चाल लहानपणापासून ऐकलेली. म्हाताऱ्याचा ठेका आमच्यापेक्षा जलद होता आणि प्रत्येक पावलाला किंचित लंगडल्यासारखा उडी मारत होता. वरचा नी तो शुद्ध लावत होता, आमच्या बँडवाल्यांनी तो कोमल करून टाकलाय. आमच्याकडं पहिल्या तुकड्याच्या शेवटी एक लांब थांबा आहे, बाईला पाणी घालायला वेळ मिळावा म्हणून. म्हातारा तिथं थांबतच नव्हता. त्याच्यापुढं ना घोडा होता ना बाई. एवढं सोडलं तर सूर न् सूर तेच.

आणि मग त्यानं तिसरा तुकडा सुरू केला.

मी ताडकन उभा राहिलो. ही आमच्या म्हशीची शीळ होती.

हे नीट सांगायला हवं. बँड मोडल्यापासून आबा धार काढताना शीळ घालतात. रोज सकाळी, तीच एक. ती सुरू झाली की म्हैस पान्हा सोडते. मधल्या काळात तीन म्हशी बदलल्या, तिन्हींना तीच शीळ लागायची. आईला एकदा चारेक दिवस धार काढावी लागली तेव्हा तिनं त्या शिळेचा फार प्रयत्न केला होता, नुसती हवा आली. मी ती शीळ म्हशीसाठीच बनवलेली समजत होतो. ती एखाद्या चालीचा तुकडा असेल, असं मनातसुद्धा आलं नाही. आता हा परका म्हातारा परण्याच्या चालीला जोडून तीच वाजवत होता.

"आबा तिकडं कधी गेले हो?" बायको म्हणाली. तिनंही ओळखली होती.

मी त्याच दुपारी त्या व्हिडिओखाली माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत लिहिलं की ही चाल आमच्याकडं नवरदेवाला देवळात नेताना वाजवतात, ती तुमच्याकडं कुठून आली? तीन दिवसांनी त्या म्हाताऱ्याच्या मुलीचं उत्तर आलं. तिला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग आमचं पत्रव्यवहारासारखंच सुरू झालं. ही चाल हॉर्नपाइप जातीची, म्हणजे नाचाची. मूळची कुठली ते कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं इंग्लंडच्या नाटकमंडळ्यांत लोक हिच्यावर नाचायचे, तिथून आली. कुणी म्हणतं खलाशांनी आणली, कुणी म्हणतं स्कॉटलंडची. एकेका परगण्यात तिला वेगळं नाव आहे, आणि जो तो म्हणतो खरं नाव आमचंच. तिच्या वडिलांनी ती शेजारच्या लोहाराकडून घेतली होती. तिनं मला सात-आठ जणांची वाजवलेली पाठवली. त्यातल्या बहुतेकांकडं दोनच तुकडे. तिसरा फक्त त्यांच्या बाजूच्या दोन-तीन गावांत वाजतो. पलीकडच्या खोऱ्यातले म्हणतात, तो तिसरा यांनी मागाहून जोडलेला आहे. यांचं म्हणणं, पलीकडचे आळशी, त्यांनी तो शिकायचा कंटाळा केला. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे तिकडंही पंचक्रोशी आहे.

निजामाच्या फौजेचे बँड उभे करायला गोरे बँडमास्तर आणत, आणि गोऱ्यांच्या पलटणींत आयर्लंडची माणसं भरपूर असत, एवढं मला पुस्तकांत मिळालं. त्यातलाच कुणी त्या दोन-तीन गावांकडचा असेल. परमुलखात त्याला आपल्याकडची चाल आठवली असेल. आमचा वस्ताद त्याच्या हाताखाली, निदान त्याच्या हाताखालच्यांच्या हाताखाली तयार झाला असेल. हे सगळं 'असेल' आहे. मुलांनी असं उत्तर लिहिलं तर मी अर्धे गुण कापतो.

पण एका गोष्टीत 'असेल' नव्हतं. तामलवाडीच्या बँडाची चाल मी भावी जावयाकडून मोबाईलवर मागवली. कशाला ते त्यानं विचारलं नाही, संध्याकाळपर्यंत पाठवली. जावई कामाचा निघाला. त्यांच्याकडं दोनच तुकडे होते. दुसरा संपला की पुन्हा पहिला. मग आबांनी तिसरा आणला कुठून? तामलवाडीतून चोरला म्हणावं, तर तो तामलवाडीत नव्हताच. स्वतः रचला म्हणावं, तर तो जशाच्या तसा समुद्रापलीकडच्या स्वयंपाकघरात कसा वाजतो?

त्यानंतरच्या रविवारी सकाळीच माकणी गाठली. आबांच्या कानाशी मोबाईल धरला. त्यांनी तिन्ही तुकडे ऐकले. एकदा, मग बोटानं खूण करून पुन्हा एकदा.

"गडी हुशार हाय," म्हणाले. "पर थांबत न्हाय."

"आबा, हा तिसरा तुकडा तुम्ही कधी लोकांत वाजवलात?"

"तिसऱ्यापोत्तर परण्या मारुतीच्या दारात येतो की. कवा वाजवनार?"

मग त्यांनी पहिल्यांदा मला सगळं सांगितलं. वस्ताद एका उन्हाळ्यात एकच तुकडा शिकवायचा. पुढचा हवा असेल तर पुढच्या उन्हाळ्यात या. आबा तीन उन्हाळे नळदुर्गला गेले. शेवटच्या दिवशी वस्तादानं नारळ घेतला आणि शपथ घातली की माझं नाव कुणाला सांगायचं नाही, ही चाल मी फक्त तुला देतोय. पंचांपुढं आबांनी ती शपथ मोडली, तेवढंच त्यांना लागून राहिलं होतं. "आसंच झालं बघ," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "भौतेक."

या 'भौतेक'चा मला राग आला. इतकं पक्कं हाती लागलेलं असताना बहुतेक कशाला? मी म्हटलं, आबा, आता तुम्ही सुटलात. ते उठले आणि म्हणाले, "मला कशाला ऐकवतूस? ज्येंचं म्हननं हाय त्यांना ऐकव." आणि शेताकडं गेले.

तेव्हा मी काय केलं असतं तर शहाण्यासारखं झालं असतं, कोण जाणे. मी व्हायोलिनची पेटी पाठीला बांधली आणि पुढच्या सुट्टीला मोटारसायकल घेऊन तामलवाडीला गेलो. थोरले मास्तर वारून बरीच वर्षं झाली होती. बँड आता त्यांचा मुलगा, म्हणजे धाकटे मास्तर, चालवतो, पासष्टीचा असेल. वरातीच्या दिव्यांची ढकलगाडी पुसत होता. मी कोण ते सांगितलं. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

"माकणीचे व्हय? लग्नाचं बोलाया आला गुर्जी, का भांडाया?"

"तुम्हाला ठाऊक आहे तर."

"बाप जाईस्तवर आमच्या घरात माकणीचं नाव घ्यायची सोय न्हवती. ठाव नसंल व्हय?"

मी म्हटलं, भांडायला आलो नाही, वाजवायला आलोय. त्यानं खुर्ची दिली. मी पहिला तुकडा वाजवला. त्याची बोटं आपोआप मांडीवर ताशाचा ठेका धरायला लागली. दुसऱ्यालाही ठेका चालू होता. तिसरा सुरू झाला तशी बोटं थांबली.

"ह्ये कुठलं?"

"याच चालीचं. पुढचं."

"आमच्यात न्हाय ह्ये."

मी मोबाईल पुढं केला. टोपीवाला म्हातारा वाजवत होता. धाकट्या मास्तरांनी तो तीनदा बघितला. पहिल्यांदा चेहऱ्यावर राग होता, दुसऱ्यांदा नुसतं कुतूहल. तिसऱ्यांदा ते स्वतःशी मान हलवायला लागले. मी त्यांना नळदुर्ग, वस्ताद, उन्हाळ्याला एक तुकडा, सगळं सांगितलं. त्यांनी मोबाईल परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "आमचा बाप दोन उन्हाळे नळदुर्गला गेला. आजोळी जातो म्हनायचा. नळदुर्गात त्याचं आजोळ कवाच न्हवतं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचं लगीन झालं, जानं ऱ्हायलं. ह्ये त्यानं मरायच्या आधी आईला सांगितलं, आईनं मला."

"मग वस्ताद तुम्हाला माहीत होता?" माझा आवाज चढला.

"तसं न्हवं, गुर्जी. वस्तादानं नारळ घेऊन शपथ घातली होती, ही चाल फकस्त तुला देतोय म्हनून. मंग दुसऱ्याकडं गेली कशी? बाप आईला म्हनला, माकणीवाल्यानं भिताडाआडून ऐकली आसनार. नळदुर्गाचं नाव तुमच्या वडलांनी काढलं तवा तर त्याची खात्रीच झाली."

"काय म्हणालात? फक्त तुला देतोय?"

"व्हय."

मला हसू फुटलं. मी आवरायचा प्रयत्न केला, ते आणखी फुटलं. परक्या माणसाच्या दारात, ज्याच्या बापानं माझ्या बापाचा बँड मोडला त्याच्या दारात, मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग त्यांना सांगितलं की हेच वाक्य, याच नारळासकट, आबांनाही मिळालं होतं. धाकटे मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मग तेही हसायला लागले.

"बेनं लबाड हुतं की," म्हणाले. "कितीजनांना दिली आसंल त्येनं?"

दोन पोरांना एकच चाल. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच. दोघांनीही शपथ पाळायची शर्थ केली आणि म्हणूनच चाळीस वर्षं कुणाला काही कळलं नाही. म्हाताऱ्या वस्तादाला दोष तरी काय द्यायचा? फौज गेली, पगार गेला, जवळ एक चाल उरली होती. ती घ्यायला येणाऱ्या पोराला आपण एकटेच आहोत असं वाटावं, म्हणजे तो उन्हातान्हातून पुढच्या वर्षी परत येईल, एवढाच त्याचा विचार असेल. मला त्याचा राग आला नाही. मला कुणाचाच राग आला नाही, आणि हे माझ्या बाबतीत नेहमी होत नाही.

धाकट्या मास्तरांनी फडक्यानं तोंड पुसलं. "जे आमच्या बापालाच शिकवलं न्हाय, ते तुमचे वडील आमच्याकडनं कसं चोरतील?" ते म्हणाले. "पर ह्ये तुमी जाऊन सांगू नका. बाप चारचौघांत बोलला होता. म्या येऊन चारचौघांत बोलतो."

माझा जीव भांड्यात पडला. परतताना तुळजापूरला चहाला थांबलो आणि एकावर एक दोन कप प्यालो. टपरीवाल्यानं पाठीवरची पेटी बघून विचारलं, कार्यक्रम होता का. मी म्हटलं, होता, आणि चांगला झाला.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना धाकटे मास्तर माकणीला आले. सकाळची वेळ, अंगणात मांडवाचे डांब रोवायला गल्लीतले पाच-सहा जण जमलेले. त्यातले दोघं तर जुन्या बँडातले, एक ढोलाचा, एक झांजेचा. आबा बाजेवर दोरी वळत बसले होते. मी आधी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते धरणावर गेले असते.

धाकट्या मास्तरांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मागं सरकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, म्या तामलवाडीचा. माझ्या बापानं तुमच्यावर आळ घेतला होता. त्यो खोटा हुता. चाल तुमी वस्तादाकडनंच शिकलात, आन् आमच्यापरीस पुढचं शिकलात. चूक आमची हाय."

डांब रोवणाऱ्यांचे हात थांबले. झांजेवाले काका खाली बसले. मला वाटलं, आबा आता काहीतरी बोलतील, निदान माझ्याकडं बघतील. ते दोरीकडंच बघत होते.

"तुमच्या वडलांची चूक न्हाय," ते शेवटी म्हणाले. "आन् चूक तरी काय म्हनायची? मानूस चाळीस वर्सं एकच गोष्ट ऐकतो, त्येला तीच खरी वाटाया लागती. मलाबी वाटाया लागलं हुतं, म्या चोरलीच आसंल. वस्ताद डोळ्याम्होरं यायचा, त्येचा नारळ यायचा, पर ह्ये खरंच घडलं का म्याच मनानं रचलं, ते कळंना झालं हुतं. म्हनून दुसऱ्यांनी जेवढं ऐकलं हुतं तेवढं सोडून दिलं. कुनीच ऐकलं न्हाय तेवढंच शिळंवर वाजवीत ऱ्हायलो. तेवढं तरी आपलं हाय का, बघावं म्हनून."

मला तेव्हा ते 'भौतेक' कळलं. मी त्यांना हट्टी समजत होतो, लपवणारे समजत होतो. एका घरात राहून आम्ही दोघं, एकमेकांना पत्ता लागू न देता, एकाच माणसावर संशय घेत होतो. माझा फिटला होता आणि त्यांचाही फिटला होता, पण त्यांना तो चाळीस वर्षं रोज सकाळी एकट्यानं सोसावा लागला होता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. आमच्याकडं मुलगा बापाचे पाय सणावारी धरतो, उगाच मध्येच धरत नाही. मी चहा सांगायला म्हणून आत गेलो आणि चुलीपाशी उभं राहून बायकोसमोर रडलो. ती दूध ओतत राहिली.

चहा घेऊन बाहेर आलो तर डांब रोवणं पुन्हा सुरू झालं होतं. धाकटे मास्तर बाजेवर आबांच्या शेजारी टेकले होते.

"परण्या किती वाजता काढनार?" आबा त्यांना विचारत होते.

"पाव्हणं म्हनतील तसं. धा, साडेधा."

"आठाला काढा," आबा म्हणाले. "उनाच्या आत. मला संगं चालायचं हाय."